वजनव्रत: साहित्य, विधी व उद्यापन

प्रस्तुत व्रत कोणीही करावे. स्त्री, पुरुष, नोकरदार, निवृत्त, कोणालाही अडचण नाही. पात्रतेची परीक्षा घरच्या घरी घेता येते: बुटाची नाडी बांधताना साधकाला मध्येच ताठ होऊन श्वास घ्यावा लागत असेल, तर तो पात्र आहे. ज्यांना शास्त्राधार हवा त्यांनी टेप घ्यावी. भारतीय पोटाची हद्द डॉक्टरांनी पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ठरवली आहे. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध धरायची असते. पुष्कळ सज्जन ‘माझी कंबर चौतीसच’ असे सांगतात, तो पॅन्टचा नंबर होय. पॅन्ट पोटाखालून केव्हाच निसटलेली असते. बीएमआयच्या बाबतीतही आपल्यावर अन्याय आहे. पाश्चात्त्यांना २५ पर्यंत मोकळीक, आपल्याला मात्र २३ लाच जादा वजनाच्या रांगेत उभे करतात. कारण असे की तेवढ्याच वजनात आपल्या अंगावर चरबी अधिक, आणि तीही नेमकी पोटात. याविरुद्ध अजून कोणी मोर्चा काढलेला नाही.

मुहूर्ताचा भाग नाजूक आहे. व्रत मधल्याच एखाद्या बुधवारी, कोणाला न सांगता सुरू केले तर ते चालू राहण्याचा धोका असतो. म्हणून आरंभ समारंभपूर्वक करावा. सोमवार चांगला, एक तारीख उत्तम, १ जानेवारी सर्वोत्तम. मराठी बाण्याच्या माणसाने गुढीपाडवा धरावा, म्हणजे सकाळी संकल्प आणि दुपारी श्रीखंड एकाच दिवशी उरकते. पंचांग हाताशी असू द्यावे. पाडव्यापाठोपाठ आंबा येतो, आणि घरी रस काढलेला असताना ‘मला नको’ म्हणणाऱ्याकडे सगळे ताप आहे का म्हणून बघतात. आषाढात तळण काढावे लागते. श्रावणात उपवास, भाद्रपदात मोदक, पितृपक्षात खीर-वडे, नवरात्रात पुन्हा उपवास, कोजागिरीला आटीव दूध, दिवाळीला फराळ, आणि तुळशीचे लग्न लागले की माणसांची लग्ने. पौष तेवढा मोकळा सापडतो, पण पौषात शुभकार्य करीत नाहीत; शिवाय त्यातही संक्रांत गुळाच्या पोळ्या घेऊन येतेच.

मुहूर्त निश्चित करताना घरात पुढीलप्रमाणे संवाद घडल्यास विधी योग्य मार्गावर आहे असे समजावे.

“अहो, आजपासून रात्रीचा भात बंद ना?”

“सोमवारपासून म्हणालो होतो.”

“आज सोमवारच आहे.”

“पण आज संकष्टी ना? चंद्रोदयानंतर तू केलेले मोदक काय टाकून द्यायचे?”

आता साहित्य. आधी बूट घ्यावेत, तेही दुकानदाराने पाय मशीनवर उभा करून दिलेले, म्हणजे पुढे गुडघा दुखला तर दोष बुटाला देता येतो. चिया सीड्सची एक पुडी, ॲपल सायडर व्हिनेगरची एक बाटली, योगा मॅट (गुंडाळी सोडू नये, पुन्हा तशी होत नाही) आणि एअर फ्रायर. व्यायामाची सायकल जुनी मिळते. अशा सायकलींच्या जाहिरातीत ‘जेमतेम वापरलेली’ असे लिहिलेले असते आणि जुन्या मालाच्या बाजारात इतके खरे वाक्य दुसरे नाही.

मनगटाला पावले मोजणारे घड्याळ हवेच. ते रोज १०,००० पावले मागते. हा आकडा कोणत्या ऋषीने सांगितला, असे साधक विचारतात. तो जपानातून आला. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथे चालण्याचे वारे शिरले होते. १९६५ साली एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र काढले आणि त्याचे नावच ‘दहा हजार पावलांचे मीटर’ असे ठेवले. संशोधन नंतर झाले, आणि त्यात दिसले की फायदा त्याच्या पुष्कळ अलीकडेच सुरू होतो. ही माहिती साधकाने मनातच ठेवावी. दहा हजार होणे शक्य नाही म्हणून दोन हजारही न चालण्याची जी सोय या आकड्याने करून दिली आहे, ती उगाच हातची का घालवावी?

जिमची वर्गणी वर्षाची, एकरकमी भरावी. महिन्याची भरली तर दर महिन्याला आपण गेलो होतो का हा प्रश्न पडतो. वर्षाची भरली की तो वर्षातून एकदाच पडतो. वर्गणी भरलेले सगळेच्या सगळे एका सकाळी हजर झाले तर जिममध्ये उभे राहायला जागा उरणार नाही, हे मालकालाही ठाऊक असते. तेव्हा न जाणाऱ्याने अपराधी वाटून घेऊ नये. धंदा त्याच्यावर चालला आहे.

आहाराविषयी महाराष्ट्र भाग्यवान आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच खा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही नको. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडे थोडे, वेळेवर, घरचे खा, तुपाला घाबरू नका. दोघांपैकी कोणाचेही सलग ऐकले तर निदान येता-जाता बशीत हात घालायची सवय जाते. म्हणून दोघांचे एकदम ऐकावे. पहिल्या पद्धतीतली दोन भरपेट जेवणे घ्यावीत, दुसऱ्या पद्धतीतले मधले खाणे घ्यावे, आणि तूप दोन्हींवर. कौटुंबिक ग्रुपवर या दोन पंथांत वाद लागला असता साधकाने दोन्ही बाजूंनी लिहावे. तेवढा वेळ चालायला जावे लागत नाही.

उपवास हा या व्रताचा कणा. साबुदाणा रात्रीच भिजवलेला, दाणा बोटाने दाबला की मऊ चुरडेल असा. सकाळी कढईत तूप, तुपात जिरे, उभी चिरलेली मिरची, बटाट्याच्या काचऱ्या. काचऱ्यांच्या कडा लालसर झाल्या की साबुदाणा, आणि त्यावर दाण्याचे कूट, ‘जरा सढळ असू दे, नाहीतर गोळा होतो’ असे म्हणत दोन मुठी जास्तच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, कोरड्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० कॅलरी. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेपाचशेच्या वर. पण या कॅलरी उपवासाच्या असल्याने धरायच्या नसतात. दुपारी रताळ्याचा कीस, चारला बटाट्याचा चिवडा, रात्री वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ असे जुने लोक टोमणा म्हणून म्हणत. इथे ती मात्रा आहे.

चहाकडे मात्र दुर्लक्ष करावे. चहा हे अन्न नव्हे, तो मनुष्याचा स्वभाव आहे. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, चमच्यात पाच ग्रॅम धरले तर रोज ४० ग्रॅम साखर होते. वर्षाची साडेचौदा किलो! ही एका माणसाची नुसती चहातली साखर. एवढी पिशवी वाण्याकडून खांद्यावर आणायला लागली असती तर तोच व्यायाम झाला असता. कोणी म्हणेल, चारही कप निम्म्या साखरेचे केले तर काहीही न सोडता सात किलोवर साखर वाचते. असे म्हणणाऱ्या माणसाला अमृततुल्यात शेजारी बसू देऊ नये.

व्यायामासाठी रविवार राखून ठेवावा. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालावे आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे काही करावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पुणेकर साधक ती सिंहगडावर एका दमात फेडतो. आतकरवाडीतून पायी चढायला सरावलेल्याला तासभर लागतो, नवख्याला दीड-दोन. सत्तर किलोच्या माणसाचे या चढणीत अदमासे चारपाचशे कॅलरींचे जळण होते. वर पोचल्यावर ज्वारीची भाकरी, पिठले, वांग्याचे भरीत, ठेचा, कांदाभजीची एक प्लेट, ती चांगली निघाली म्हणून दुसरी, आणि मडक्यातले घट्ट दही. हिशेब चुकता होऊन वर शिल्लक उरते, आणि ती घेऊनच साधक जीपने खाली येतो. उरलेले सहा दिवस ‘रविवारी गड केला’ या वाक्यावर काढावेत.

पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली येईल. तो आनंदाचा क्षण आहे, फोटो काढून ग्रुपवर टाकावा. शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत आणि यकृतात साठवते, आणि तिच्या एकेका ग्रॅमसोबत तिप्पट पाणी धरून ठेवते. खाणे एकदम तोडले की हा साठा रिकामा होतो आणि पाणी निघून जाते. म्हणजे दोन किलोंत बराचसा भाग पाण्याचा. एक किलो चरबी उतरवायची तर कागदावर सुमारे ७,७०० कॅलरींची तूट लागते; रोज अडीचशेची तूट धरली तर महिन्याला एक किलो. तेही कागदावर, कारण वजन उतरेल तसे शरीरही काटकसरीने चालू लागते. हा वेग कोणत्याही ग्रुपवर टाकण्याजोगा नाही. दुसऱ्या आठवड्यात काटा हलणार नाही, तेव्हा साधकाने काटा बदलावा.

याच सुमारास नातेवाईक मदतीला येतात. थोरली मावशी दारातच म्हणेल, “अगं बाई, किती वाळलास रे! बरं नाही का? तोंड बघ कसं उतरलंय.” मुद्दा असा की तिला तोंडच दिसते, पोट जिथल्या तिथे आहे. त्यावर ताटात पुरणपोळी येते, पोळीवर तूप येते, ‘एवढी अर्धी माझ्यासाठी’ येते. आग्रह मोडणे हे संस्कारांत बसत नाही.

आता उद्यापन. आपल्याकडे प्रत्येक व्रताला उद्यापन असते. सोळा सोमवार झाले की उद्यापन, मार्गशीर्षातले गुरुवार झाले की उद्यापन, आणि त्यानंतर मनुष्य पूर्ववत जगायला मोकळा. वजनव्रताचेही तसेच. तीन महिने भाकरी, उसळ, कोशिंबीर झाली, सहा किलो गेले, पुतण्याच्या लग्नात जुना कोट अंगावर आला, की पंगतीत जिलबी आणि मठ्ठ्याने सांगता करावी. दुसऱ्या दिवसापासून आधीचे ताट, आधीची खुर्ची, आधीचा चहा. वजन परतीच्या वाटेवर निघते. घाईने उपाशी राहून उतरवले असेल तर जाताना स्नायूही गेलेले असतात आणि परत येताना बहुतांशी चरबी येते, त्यामुळे पुढच्या वर्षीचे व्रत अधिक कठीण, म्हणजे अधिक पुण्याचे होते.

हल्ली आठवड्याला एक सुई घेऊन वजन उतरवायची औषधे आली आहेत. २०२५ पासून ती भारतातही मिळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काहींना त्यांचा खरोखर उपयोग होतो. पण त्यांतल्याच सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत सुई थांबवल्यावर वर्षभरात लोकांचे उतरलेले वजन दोन तृतीयांश परत आले होते. तेव्हा उद्यापनाचे फळ तिथेही तेच.

शेवटी एका घातक प्रवृत्तीबद्दल सावध करणे आमचे कर्तव्य आहे. काही लोक उद्यापनच करीत नाहीत. अमेरिकेत १९९४ पासून अशा माणसांची एक नोंदवही ठेवली आहे. निदान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर ते परत येऊ न देणाऱ्यांनाच तिच्यात प्रवेश मिळतो. त्यांच्यात सापडलेल्या गोष्टी वाचवत नाहीत इतक्या नीरस आहेत. बहुतेक जण न्याहारी करतात. आठवड्यातून निदान एकदा वजन पाहतात. टीव्ही कमी बघतात. रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, तोही मुख्यतः चालण्याचा. रविवारीही साधारण बुधवारसारखेच जेवतात. आपल्याकडे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी असेच बिघडलेले. मुहूर्त न पाहता वर्षानुवर्षे रोज सूर्यनमस्कार घालीत, आणि संस्थानातल्या शाळांतून मुलांनाही घालायला लावीत. हे सारे रोज, म्हणजे उद्याही आणि परवाही. यात सांगण्यासारखे काही घडत नाही, फोटो निघत नाही, मावशीला बोलायला विषय मिळत नाही.

आपल्या सोसायटीतही अशी एखादी व्यक्ती असते. लिफ्ट चालू असताना जिन्याने येते, लग्नात एक जिलबी खाऊन मठ्ठा पिते, पंचवीस वर्षांपूर्वी शिवलेला कोट अजून वापरते, आणि विचारले तर “विशेष काही नाही करत हो” म्हणते. ती खरेच विशेष काही करीत नसते. तिच्याशी परिचय वाढवू नये.

ज्यांना हा विधी मान्य नसेल त्यांनी आज संध्याकाळी जेवणाआधी अर्धा तास चालून यावे, असलेल्या चपलांवर, आणि घरी आल्यावर कोणाला सांगू नये. उद्याही तसेच करावे. वर्षाची वर्गणी मात्र कोणतीही जिम परत देत नाही, हे भरण्यापूर्वी पावतीच्या मागे वाचून घ्यावे.