मास्तरीणबाईंचं झुरिक

"काकू, कुंपणापाशी या जरा. वरडून सांगण्यासारखं नाही."

"आले बाई. कोणाचं काय आता?"

"मास्तरीणबाईंचं! लेकीकडून झुरिकहून आल्यात नव्हं का. काल भिशीत काय सांगायल्या म्हणता! जावयानं रोज तळ्याकाठच्या हॉटेलात जेऊ घातलं म्हणं."

"रोज? तिथला एक फ्रँक म्हणजे आपले शंभराच्या वर रुपये. जावई हाय का कुबेर?"

"तेच तर. बाईंच्या मालकांनी, गुरुजींनी, स्टेशनजवळच्या टपरीवर आमच्या ह्यांना खरं सांगितलं. घरी पिठलं-भातच व्हता. बाहेर जेवले ते मोजकंच, अन् तेबी आधी फोन करून जागा धरून."

"जागा कशाला धरायची? भूक लागली की जावं."

"नाही जमत, काकू. दुपारचं जेवण उरकलं की लई हॉटेलांची चूल बंद, ती संध्याकाळीच पेटायची. गुरुजींना तीन वाजता भूक लागली तर हातात काय, कॉफी अन् केक!"

"अगं माय! शुगरवाल्या माणसाला?"

"अन् पाण्याला पैसे. नळाचंच पाणी, काचेच्या सुरईत. गंमत म्हणजे गावात बाराशेच्या वर कारंजी हायत, त्यांचं पाणी पिण्याजोगं अन् फुकट. मग मास्तरीणबाई आधी कारंज्यावर ओंजळीनं पोटभर पिऊन घ्यायच्या, तवा हॉटेलात शिरायच्या."

"शहाणीच म्हणायची. आपल्याकडं सहस्रकुंडाच्या धबधब्यावर केवढी गर्दी असू दे, भज्याच्या गाड्यावर पाण्याचा गिलास न मागता पुढ्यात येतो. बरं, माणसं कशी तिथली?"

"तीन माणसांत एक बाहेरदेशचा. इटालियन, पोर्तुगीज, लंकेतले तमिळ… हॉटेलात चार टेबलांवर चार भाषा."

"त्याचं काय कौतुक? आपल्या आठवडी बाजारात मराठी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी ऐकू येतीच की."

"पण एक गोष्ट बाईंची खरी निघाली. हिल्टल नावाचं शाकाहारी हॉटेल हाय तिथं, 1898 सालचं. जगातलं सगळ्यात जुनं म्हणून गिनीज बुकात नाव हाय त्याचं."

"गोऱ्यांत शाकाहारी? माळकरी हायत का काय?"

"एक शिंपी व्हता, अम्ब्रोसियस हिल्टल. त्याचे सांधे धरले. डॉक्टर म्हणला, मटण सोड. मग तो तिथं जेवायला जाऊ लागला, बरा झाला, अन् पुढं हॉटेलच चालवायला घेतलं. तिथल्या स्वैपाकीणबाईशी लगीनबी लावलं."

"हे बेस केलं! जेवणाची चिंता मिटली."

"लोक हसायचे, गवतखाऊ म्हणायचे. नंतर त्यांची सून मार्ग्रिट 1951 साली दिल्लीला आली, शाकाहारवाल्यांच्या परिषदेला. आपलं जेवण तिला असं आवडलं की परत गेल्यावर तिथं करायला निघाली. आचारी अडून बसले, आम्ही असलं करणार नाही. तिनं मग आपल्या घरच्या चुलीवर करून गिऱ्हाइकांना घातलं."

"सुनांमुळंच घराणी चालतेत, लिहून ठेव. मग मास्तरीणबाईंनी काय खाल्लं?"

"तिथं आपलं आपण वाढून घ्यायचं अन् ताट काट्यावर ठेवायचं. जेवढं वजन तेवढे पैसे. बाईंनी वरण घेतलं, रस्सा घेतला, भात घेतला. लेक कानात म्हणायली, आई, रस्सा जड भरतोय, पापड घे!"

"हा हा! अन् ते फॉन्ड्यू का फॉन्डा, त्याचं लई गुणगान चाललं व्हतं म्हणं?"

"ग्रुयेर नावाचं चीज वितळवायचं, त्यात पांढरी वाइन ओतायची…"

"वाइन? अन् हिच्या गळ्यात तुळशीची माळ?"

"ऐका तर. पावाचे तुकडे लांब काट्याला टोचून सगळ्यांनी एकाच भांड्यात बुडवायचे. ज्याचा तुकडा आत पडंल त्यानं दंड भरायचा. गुरुजींचा पडला. शेवटी बुडाला खमंग पापुद्रा धरतो, त्यासाठी तर भांडणं."

"म्हणजे दुधाची खरवडच की गं! त्याचे एवढे पैसे?"

"मुळात थंडीतलं डोंगरातलं खाणं ते. वाळला पाव अन् घरचं चीज. 1930च्या दशकात चीजवाल्यांच्या संघानं जाहिराती करून देशभर गाजवलं."

"मग त्यांना तरी कामून हसावं? आपला झुणका-भाकर पुण्यात काय भावानं खातेत, बघितलंस ना? गरिबाच्या ताटातलं ताटलीत मांडलं की भाव चढतो, बाई. इथं काय अन् तिथं काय."

"खरी गोष्ट तर पुढंच हाय. घरी आल्यावर जावई सहज बोलून गेला, त्या ग्रुयेर चीजला वासराच्या पोटातलं विरजण लागतं म्हणून."

"राम राम राम! मग?"

"मग काय, पुढची एकादशी निर्जळी. अन् भिशीत त्यातला एक शब्द नाही! वाइनचं तर नावबी काढलं नाही."

"वा गं बाई! अन् आपल्याला मंगळवारी कांदा खाल्ला म्हणून बोलती."

"आता रविवारी सगळ्यांना घरी बोलावलंय. फॉन्ड्यू करणार म्हणं. चीजचे डब्बे आणायला गुरुजींना किनवटला पिटाळलंय."

"अन् वाइनच्या जागी काय?"

"ताक."

"मग मी ज्वारीच्या भाकरी कडक भाजून नेते. तुकडा आत पडायची भानगड नको. अन् सगळ्या जमल्या की एवढंच विचारते, मास्तरीणबाई, झुरिकलाबी ताकच घालतेत का हो?"