बर्फीची फाइल

दिल्लीत नोकरी करून तिथंच निवृत्त झालेला मराठी सरकारी माणूस ओळखायचा असेल, तर त्याला हो-नाहीचा एखादा प्रश्न विचारून बघावा. उत्तरात हो नसतं आणि नाहीही नसतं. 'तपासून बघायला हरकत नसावी' असं काहीतरी येतं आणि ते ऐकून आपलं काम झाल्यासारखं आपल्यालाच वाटू लागतं. नोएडातले आमचे काका या वाणाचे अस्सल. कृषी भवनातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाले, खातं पशुसंवर्धनाचं. देशातल्या म्हशी, मेंढ्या, याक आणि मिथुन त्यांच्या टेबलावरून गेले, पण सगळे कागदावर. त्यांनी कुठल्याही जिवंत जनावराच्या अंगावरून हात फिरवल्याचं काकूंना आठवत नाही.

२०२४च्या गणपतीत त्यांच्या मुलानं लेकीसाठी जामा मशिदीजवळच्या बाजारातून सशांची दोन पिल्लं आणली. पांढरी ती बर्फी, तांबूस ती जिलेबी. विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता, "दोनों मादा हैं, लिखवा लो." लिहून मात्र कोणी घेतलं नाही आणि काकांच्या मते सगळा घोटाळा तिथंच झाला. कोवळ्या सशाचा नर-मादी भेद जाणत्यालाही चकवतो. चार-पाच महिन्यांचा झाला की ससा स्वतःच खुलासा करतो. नोव्हेंबर सरता सरता एका दुपारी काकूंनी जे पाहिलं, ते त्यांनी आत येऊन काकांना हलक्या आवाजात सांगितलं. काकांनी चष्मा लावला, जाऊन पाहून आले आणि म्हणाले, "तक्रारीत तथ्य दिसतं."

१ डिसेंबरच्या रविवारी संध्याकाळी जिलेबीची बदली झाली. मुलाच्या खोलीत, स्वतंत्र पिंजऱ्यात, तत्काळ प्रभावानं. त्याच रात्री काकांनी कपाटातून एक जुनी फाइल काढली, हिरव्या कागदाची नोटशीट लावली आणि विषय लिहिला, 'बर्फीच्या संभाव्य गर्भधारणेबाबत'.

"अहो, पण गाभण आहे की नाही?" काकूंनी विचारलं.

"नाकारता येत नाही," काका म्हणाले.

मी चहाला गेलो तेव्हा त्यांनी मला प्रकरण समजावून दिलं. सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरलेला माज नसतो. नराचा संग झाला की त्यानंतर साधारण दहा तासांनी बीज सुटतं. म्हणजे मागणी नोंदवल्यावर पुरवठा. तिथून सुमारे ३१ दिवसांत वीत होते. फार तर दोन-चार दिवस इकडेतिकडे, पण मुदतवाढ म्हणून काही प्रकार नाही. "कधी झालं ते आपल्याला माहीत नाही," काका बोट वर करून म्हणाले, "पण कधीनंतर झालेलं नाही, ते माहीत आहे." शेवटची शक्य तारीख १ डिसेंबर, म्हणून निकाल १ जानेवारीच्या आसपास, किंवा त्याआधी कधीही. नोकरीत एवढं नेमकं विधान त्यांनी केलं असेल असं मला वाटत नाही.

जिलेबीची बदली रद्द होणार नव्हती. व्यालेली मादी काही तासांत पुन्हा गाभण राहू शकते. नराचं ऑपरेशन केलं तरी पुढचे काही आठवडे त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. "निवृत्तीनंतरही माणसाचं वजन थोडे दिवस चालतं," काका म्हणाले आणि काकूंकडे न बघता चहा प्याले.

त्या हिवाळ्यात दिल्ली-एनसीआरमध्ये ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषण वाढेल तसे कडक होणाऱ्या सरकारी निर्बंधांचे, टप्पे चढत-उतरत होते. काकांनी बर्फीसाठी तोच नमुना उचलला. पहिला टप्पा, निरीक्षण. दुसरा, नराला मज्जाव आणि आहारात सुधारणा. तिसरा, पेटी. चौथा, चोवीस तास पहारा आणि आवाजबंदी. सशाला दचकण्याचं भय फार, आणि वरच्या मजल्यावरच्या पंजाबी कुटुंबाकडे बाथरूमच्या फरश्या फोडायचं काम चालू होतं. सरकारी ग्रॅपचा तिसरा टप्पा लागला की बांधकामं थांबतात. वर्तमानपत्रात तो लागल्याची बातमी आली त्या सकाळी काका कात्रण घेऊनच वर गेले. त्या बंदीचा हवेव्यतिरिक्त कुणाला फायदा झाला असेल तर तो बर्फीला.

पेटीचं सामान फळवाल्यानं दिलं. सफरचंदाचं लाकडी खोकं, त्यातलाच कोरडा पेंढा. काकांनी खिळे एक एक करून उपटले, कडा घासल्या, आणि पुढची बाजू मादीला उडी मारता येईल पण पिल्लांना ओलांडता येणार नाही एवढीच उंच ठेवली. दिल्लीकर ज्या परालीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, नावानं दर नोव्हेंबरला बोटं मोडतात, तिचा एवढा सत्कारणी वापर मी तरी दुसरा पाहिलेला नाही. चारा बदलायचा तोही एकदम नाही. नेहमीचं वाळलं गवत भरपूर, त्यात लसूणघास रोज थोडा थोडा वाढवत, कारण गाभण मादीला कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त लागतात. पाणी सतत समोर. एवढं सगळं नोटशीटवर लिहून काकांनी खाली स्वतःच मंजुरीची सही केली.

मग सोसायटीला बातमी लागली. लिफ्टमधल्या बायका, गेटवरचा गार्ड, समोरच्या बंगाली आजी, सगळे गाजरं घेऊन आले. दिल्लीची हिवाळी गाजरं, लालबुंद आणि लांब. सशाला गाजर म्हणजे मिठाई, आणि मिठाईवर कुणी बाळंतपण काढत नाही, असं काकांनी प्रत्येकाला समजावून सांगितलं आणि गाजरं स्वीकारली. काकूंनी त्यांचा हलवा केला, तो मी खाल्ला.

काकूंचा मोर्चा वेगळाच. त्यांच्या दृष्टीनं घरात पोटुशी होती आणि घरचा पुरुष कागद लिहीत बसला होता. त्यांना तिचं डोहाळजेवण करायचं होतं, मंडळातल्या मैत्रिणींना बोलवायचं होतं. "गर्भधारणा निश्चित नसताना खर्च कसा मंजूर करणार?" काकांनी विचारलं. खरं कारण त्यांनी मला गॅलरीत सांगितलं: दहा बायकांनी आळीपाळीनं उचलून घेतलं तर घाबरून तिचं नुकसान व्हायचं. डिंकाचे लाडू फेटाळले गेले, शेगडीही फेटाळली गेली, 'कोळशाला सध्या बंदी आहे' या सबबीवर. मंजूर झाला फक्त शेपू. बाजारात इथं त्याला सोया म्हणतात, हिवाळ्यात ढिगानं मिळतो आणि सशाला तो चालतो. काकूंनी बाळंतिणीला देतात तसा निवडून, धुऊन, कोरडा करून घातला. बर्फीनं तो ज्या वेगानं संपवला, तो पाहून काकू कितीतरी दिवसांनी काकांशी नीट बोलल्या.

मला सांगावंसं वाटतं ते असं की, आयुष्यभर ज्या गुणाबद्दल या माणसाची चेष्टा झाली, तोच इथं उपयोगी पडला. गाभण असावी अशा सशासाठी करण्याजोगं फार थोडं असतं आणि न करण्याजोगं फार. पोट दाबून बघायचं नाही, सारखं उचलायचं नाही, घर बदलायचं नाही, हौसेनं खाऊ घालायचं नाही. थांबायचं. उत्साही माणसाला हे जमत नाही. काका थांबण्यात सदतीस वर्षं मुरलेले.

डॉक्टरकडे मात्र त्यांनी नेलं. कुत्र्यांच्या रांगेत बसायला नको म्हणून भर दुपारी, टोपलीवर टॉवेल टाकून. गर्भ असेल तर दहा ते चौदा दिवसांच्या सुमारास जाणत्या हाताला पोटात द्राक्षांसारखं काही लागतं. डॉक्टरांनी हलक्या बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "लगता तो है." काका खूश झाले. इतकं कसदार उत्तर त्यांना सचिवांकडूनही क्वचित मिळालं होतं. तरी खोट्या गर्भाची नोंद त्यांनी ठेवलीच. संग झाला पण गर्भ राहिला नाही, तरी मादी सोळा-अठरा दिवसांनी गवत गोळा करते, छातीचे केस उपटून घरटं घालते, आणि निघत काहीच नाही. म्हणून १८ डिसेंबरभोवती काकांनी लाल वर्तुळ केलं. त्या दिवशी बर्फी पाय पसरून झोपली होती. वर्तुळापुढे शेरा पडला, 'नकारार्थी लक्षण आढळले नाही'.

मध्येच पशुगणनेचा गणक आला. एकविसावी पशुगणना त्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीतच सुरू झाली होती. १९१९पासून चालत आलेली ही मोजणी काकांच्या खात्याची, आणि तिच्यात गाई-म्हशींबरोबर ससेही धरतात. काकांना एवढा मान मुलाच्या लग्नातही मिळाला नव्हता. गणक तरुण, हातात मोबाइल.

"सर, खरगोश कितने?"

"अभी बताना उचित नहीं होगा."

"सर, दो दिख रहे हैं."

"दिख रहे हैं," काका म्हणाले. "आप जनवरी में आइए."

३१ डिसेंबरला दुपारपासून बर्फी तोंडात पेंढा भरभरून पेटीत नेऊ लागली. संध्याकाळी छातीचे केस उपटले. खाली क्लबहाउसमध्ये डीजे लागला होता. काकांनी चौथा टप्पा जाहीर केला, सेक्रेटरींना लेखी विनंती पाठवली, आणि उत्तराची वाट न बघता खिडक्यांच्या फटी रजयांनी बुजवून टाकल्या. पहाऱ्याला स्वतः बसले, दिवा मालवून, कारण या वेळी तिला कुणी टक लावून बघितलेलं चालत नाही. पहाटे त्यांचा डोळा लागला. सशाची वीत बहुधा अशाच वेळी, अर्ध्या-पाऊण तासात उरकते. सकाळी पेटीतलं केसांचं पांघरूण हलताना दिसलं. सात पिल्लं, आंधळी, बिनकेसाची. त्यातलं एक गेलेलं, ते काकांनीच अलगद उचलून काढलं. जनावराला नाही म्हणता म्हणता हात लागला तो असा.

काकूंना नवाच घोर लागला. बाळंतीण पिल्लांकडे फिरकतच नव्हती. "कसली आई ही!" पण सशाची आई दिवसातून एक-दोनदाच, पाचेक मिनिटं पाजते आणि दूर जाऊन बसते, म्हणजे वासानं शिकाऱ्याला बिळाचा पत्ता लागत नाही. पिल्लांची पोटं गोल होती, कातडीला सुरकुत्या नव्हत्या, एवढं बघितलं की पुरे. "पाच मिनिटांत सगळी कामं निकालात," काका आदरानं म्हणाले. "मी असा अधिकारी पाहिला नाही."

जानेवारीत गणक परत आला. काकांनी आकडा सांगितला, आठ. त्यानं बोटानं दाबला आणि झालं. सही कुठं करायची, असं काकांनी विचारलं. ॲपमध्ये सही नसते, म्हणाला. काकांचा चेहरा बघून त्यानंच मग, लेकीसाठी एक पिल्लू मिळेल का, असं विचारलं.

"आठ हफ़्ते बाद," काका म्हणाले. "आवेदन दीजिए."

त्यानं चहा पीत तिथंच अर्ज लिहिला. काकांनी तो फाइलच्या उजव्या बाजूला लावला, डावीकडे नवा परिच्छेद सुरू केला आणि लिहिलं, 'मागणीचा विचार करता येईल.'