एकांताचा कंत्राटदार

आमच्या बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्यात कोणाला काही गुपचूप करायचं असेल, तर तो आधी भाऊंना गाठतो. जमिनीचा सौदा, भावकीतली वाटणी, शेजाऱ्याला पत्ता लागू न देता म्हैस विकणं ही त्यांची जुनी कामं. गेल्या काही वर्षांत त्यांत प्रपोजची भर पडली आहे. भाऊ म्हणजे कोणी एकच माणूस समजू नका. असा एक परसवाड्यात सापडतो, एक वारासिवनीत, आणि गोंदियात बहुधा गल्लीला एक. वय पन्नाशीकडे झुकलेलं, खिशात दोन मोबाइल, हातात एक चपटी वही. ‘सीक्रेट आहे बरं का’ हे वाक्य तो इतक्या मोठ्याने उच्चारतो, की पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याचा हात थांबतो.

गिऱ्हाईक बहुतेक नागपूर-पुण्याला नोकरीला लागलेला गावचा पोट्टा असतो. मुलगीही गावचीच, दोघांचं एकमेकांवर मन बसलेलं, त्याबद्दल शंका नसते. पण मोबाइलवर त्याने कुठल्याशा कड्यावर गुडघा टेकून अंगठी पुढे करणारे लोक पाहिलेले असतात, आणि तसं केल्याशिवाय आपलं प्रेम कच्चं राहील अशी धास्ती त्याने घेतलेली असते.

“भाऊ, फक्त आम्ही दोघंच पाहिजे तिथं.”

“दोघंच. तू काई टेन्शन घेऊ नको, मी आहो ना!”

आणि वही उघडते. वरती ‘दोघं’ असं लिहून त्याखाली रेघ. रेघेखाली मुलीची मैत्रीण, कारण तिच्याशिवाय मुलीला घरून सोडणार नाहीत. मग मैत्रिणीचा भाऊ, कारण त्याच्याशिवाय मैत्रिणीला सोडणार नाहीत. मग त्या भावाची बायको, कारण तिला घरी ठेवून तो सहलीला गेला तर प्रपोजआधी घटस्फोट व्हायचा. लपून फोटो काढणारा एक, त्याच्या बॅगा धरणारा एक. अंगठी सांभाळायला मुलाचा चुलतभाऊ, कारण प्रेमात पडलेल्या माणसाच्या खिशावर भाऊंचा विश्वास नाही. वाटेत भूक लागते म्हणून पुऱ्या-भाजी करणारी एक काकू. बेरीज तेरावर गेली की भाऊ समाधानाने वही मिटतात. एकांताची तयारी झाली.

जागा ठरवणं हे त्यांच्या अधिकाराचं खास क्षेत्र. वैनगंगेवरचं ढुटीचं धरण जवळच, पाणी रुंद आणि देखणं, पण तिथे ओळखीचा माणूस भेटणार नाही असा दिवस कॅलेंडरात नाही. गांगुलपाऱ्याचा धबधबा रंगात येतो पावसाळ्यात, आणि तेव्हा निम्मं बालाघाट तिथेच भिजत असतं. कान्हाचं मुक्की फाटक आमच्याच जिल्ह्यात, जंगलही शांत. पण जिप्सीतून खाली उतरायची बंदी, मग गुडघा टेकायचा कुठे? पुढे ड्रायव्हर आणि गाईड, दोघेही कान टवकारून बसलेले. “आन् ऐन टायमाले वाघ निंगाला,” भाऊ विचारतात, “तं पोट्टी तुयाकडं पाहीन का वाघाकडं?” या प्रश्नाला आजवर एकाही उमेदवाराला उत्तर देता आलेलं नाही. म्हणून सगळे शेवटी जबलपूरजवळ नर्मदेवर, भेडाघाटलाच जातात.

भेडाघाट आम्हाला रेल्वेने जवळचा. नैनपूरवरून जबलपूर, तिथून रिक्षा. पूर्वी छोटी लाईन होती, तेव्हा प्रपोजच्या भानगडीची गरजच नव्हती असं म्हातारी माणसं सांगतात. ती गाडी इतक्या सावकाश जाई, की लामत्याला समोरासमोरच्या बाकांवर बसलेली दोन अनोळखी घरं जबलपूर येईपर्यंत गोत्र, शेती आणि मुलीची उंची विचारून सोयरीक जुळवून मोकळी होत. २०१५ मध्ये छोटी लाईन बंद पडली, २०२१च्या सुमारास मोठ्या लाईनीवरून थेट गाड्या धावू लागल्या. वेग वाढला आणि सोयरिकीचा धंदा डब्यातून उतरून भाऊंच्या वहीत शिरला.

दोघांच्या गोष्टीत तुमचं काय काम, असं कोणी टोकलं की भाऊ पुराण काढतात. रुक्मिणी कौंडिण्यपूरची, म्हणजे आपल्या विदर्भाची. तिने स्वतः कृष्णाला मागणी घातली. पण पत्र घेऊन द्वारकेला कोण गेला? ब्राह्मण गेला. दमयंतीही विदर्भाचीच. तिचं नळाशी जमवलं कोणी? हंसाने. मध्यस्थाशिवाय विदर्भात मोठं प्रेम झालेलंच नाही, आणि १९५६ पर्यंत बालाघाट आणि नागपूर एकाच प्रांतात होते, तेव्हा तो कायदा आपल्यालाही लागू. अलीकडे त्यांनी अमेरिकाही जोडली आहे. तिथल्या योसेमिटीत टाफ्ट पॉइंट नावाच्या उंच कड्यावर २०१८ मध्ये एक मुलगा असाच गुडघ्यावर बसला. दुरून एका छायाचित्रकाराने सहज फोटो टिपला आणि हे जोडपं कोण, म्हणून इंटरनेटवर शोध सुरू झाला. “पाहा,” भाऊ म्हणतात, “तिथंबी कोनीतरी पाहूनच रायला होता. मंग आपल्या ओळखीच्यानं पायलं तं काय बिघडलं?”

त्यांच्या खात्यावर अपयशंही आहेत. एकदा चांदण्यात संगमरवरी कडे उजळून निघतात म्हणून त्यांनी कोजागिरीची रात्र निवडली. शरद पौर्णिमेला तिथे नर्मदा महोत्सव असतो. प्रेमी जोडप्याच्या एकांतात ध्वनिक्षेपक, पुढाऱ्यांची भाषणं, नृत्याचे कार्यक्रम आणि सगळं जबलपूर सामील झालं. दुसऱ्या एका उमेदवाराला त्यांनी धुआंधारच्या कठड्याशी उभं केलं. नर्मदा तिथे सुमारे तीस मीटर खाली कोसळते, तुषारांचा धूर वर चढतो, फोटो अप्रतिम येतो. फक्त ऐकू काही येत नाही. तो “माझ्याशी लग्न करशील?” म्हणाला, ती “काय?” म्हणाली. चौथ्या खेपेला तो बेंबीच्या देठापासून ओरडला तेव्हा शेजारच्या भुट्टेवाल्याने मुलीला समजावलं, “बहनजी, शादी का पूछ रहे हैं.” हे लग्न जमलं, पण आपल्याला मागणी नक्की कोणी घातली यावरून ती मुलगी नवऱ्याला अजून चिडवते.

मी भाऊंची पुष्कळ टिंगल केली आहे, आताही करतोच आहे. पण त्यांची तेरा माणसं निव्वळ हौसेची नसतात. आमच्या भागात एक मुलगा आणि एक मुलगी दगडावर नुसती बसली, तर अर्ध्या तासात चौकशीला कोणीतरी येतो. कधी शिपाई, कधी गळ्यात गमछा घातलेले संस्कृतिरक्षक, कधी ‘बेटा, कोणाची तू?’ विचारणाऱ्या आजीबाई. तीच दोघं पुऱ्या-भाजीच्या डब्याभोवती बसलेल्या घोळक्यात असली, की त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. सहलीला आलेलं घर आहे, पुढे चला. भाऊ दोघांना माणसांच्या आड लपवतात. काकू पुरी वाढताना मुद्दाम पाठ करून बसते, मैत्रिणीच्या भावाला नेमका तेव्हाच घसा कोरडा पडून चहा आठवतो. एवढी शिस्त मी आमच्या लग्नाच्या वरातीत सोडाच, ग्रामसभेतही पाहिलेली नाही.

मागच्या हिवाळ्यातलं काम नावेतलं होतं. पंचवटी घाटावरून होडी निघाली, दोन्ही बाजूंनी पांढरे कडे जवळ येऊ लागले. भाऊंनी नावाड्याला वेगळे पैसे दिले होते ते बोलण्यासाठी नव्हे, गप्प बसण्यासाठी. भेडाघाटचा नावाडी म्हणजे यमकांचा झरा. प्रत्येक दगडाला त्याच्याकडे जोड तयार. दोन मिनिटं तोंड मिटून ठेवताना तो बिचारा लालबुंद झाला. बंदरकूदनीपाशी, जिथे म्हणे माकडं एका कड्यावरून दुसऱ्यावर उडी मारत, मुलगा उठला, गुडघा टेकायला वाकला आणि होडी एका अंगाला कलंडली. मैत्रीण किंचाळली. काकूने आधी डबा धरला, मग काठ. नावाड्याचा संयम सुटला आणि प्रेम, नर्मदा आणि जीवनविमा यांचं एक यमक त्याच्या तोंडून निसटलं.

मुलीने मुलाचा दंड धरला. “हो म्हनलं ना, बस आता खाली, डोंगा हालते!”

तिने ते कधी म्हटलं होतं हे कोणालाच आठवेना. चौकशीत निघालं, की लामत्याहून गाडी सुटली तेव्हाच चुलतभावाने अंगठी तिच्या बोटाला येते का, हे एकदा पाहून घेतलं होतं. सैल झाली तर परतीला जबलपूरच्या सराफाकडे जाता येईल, असा त्याचा विचार.

“काम फत्ते,” घाटावर उतरताना भाऊ म्हणाले. “घरी मातर एवढ्यात कोनाले सांगू नका. तिच्या बाबाच्या कानावर कसं घालायचं, त्याची वेगळी प्लॅनिंग करू.”

रात्री गाडी लामत्याला लागली तेव्हा बाबा फलाटावर उभे होते. मुलीच्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, मुलाच्या नमस्काराला मान हलवली आणि भाऊंना खांबाआड नेऊन विचारलं,

“साक्षगंधाले पानं किती धरू जी?”