अंगठा उमटला नाही तर?

दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या बाजारात कुर्ता घेताना क्यूआर कोड चालला नाही तर दुकानदार रोख पैसे घेतो आणि गिऱ्हाईक कुर्ता घेऊन जातं. गावच्या रेशन दुकानात पॉस मशीननं अंगठा ओळखला नाही, की बाई रिकामी पिशवी घेऊन घरी जाते. दोन्हीकडे तंत्रज्ञान बिघडतंच. पण बाजारात दुसरी वाट आहे, आणि रेशनच्या दुकानात ती सरकारनं बंद केली. भुकेच्या बाबतीत हे अक्षम्य आहे.

रेशन दुकानातला हा अंगठा आधारशी जुळवला जातो. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत रंजना सोनवणे यांना मिळालं. तेव्हाचे पंतप्रधान जातीनं हजर होते. पुढे काय झालं, हे मात्र समारंभात कळत नाही. त्यासाठी संशोधक लागतात. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी झारखंडमध्ये अंगठ्याची सक्ती असलेली आणि नसलेली रेशन दुकानं ताडून पाहिली. नुसत्या अंगठ्यानं धान्याची गळती घटली नाही. उलट ज्यांचं आधार रेशनकार्डाशी जोडलेलं नव्हतं, त्यांच्या हाती पडणारा लाभ सुमारे १० टक्क्यांनी कमी झाला. याच तिघांना आधी आंध्रात बोटांच्या ठशांच्या स्मार्टकार्डामुळे रोजगार हमीची मजुरी लवकर मिळताना दिसली होती, पण तिथं कार्ड नसलेल्यांचे पैसे अडवले नव्हते. सगळा फरक इथंच आहे.

दिल्लीला हे ठाऊक नाही, असं कुणी म्हणू नये. खुद्द दिल्लीत २०१८ साली रेशनची ही यंत्रं लोकांच्या तक्रारींमुळे काही महिन्यांतच थांबवावी लागली होती. २०२१ मध्ये ती परत आली. अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका, असं पत्रक आधार प्राधिकरणानंच ऑक्टोबर २०१७ मध्ये काढलंय. मग ते पत्रक प्रत्येक रेशन दुकानाच्या दारावर लावा. शेजारी नोंदवही ठेवा, सही घ्या, धान्य द्या.

आणि संशोधकांनो, मशीनच्या आकड्यांवर थांबू नका. हेलपाट्यांना कंटाळून जी म्हातारी दुकानात येणंच सोडते, ती त्या आकड्यांत नसते. तिच्या घरी जाऊनच तिला विचारावं लागतं.