परीक्षकांचे मोजमाप: नवोदित आयोजकांसाठी सहा पायऱ्या

एकांकिका स्पर्धेला नाट्यगृह, वडा-चहा आणि तीन परीक्षक पुरतात, असा समज असतो. निकालानंतर मागच्या रांगांतून जे ऐकू येते, त्यासाठी थोडे संख्याशास्त्रही लागते.

१. परीक्षक बोलवा. एक हात आखडणारा, एक उधळणारा आणि एक सगळ्यांना साठ-पासष्टात बसवणारा. शोधावे लागत नाहीत. कोणतेही तीन बोलावले तरी हेच येतात.

२. नुसती बेरीज करू नका. ज्याचे गुण तीस ते नव्वद पसरलेले, निकाल त्याचाच लागतो. साठ-पासष्टवाला घरी राहिला असता तरी फारसे बिघडले नसते. म्हणून प्रत्येकाच्या गुणांतून त्याचीच सरासरी वजा करा आणि प्रमाण विचलनाने भागा. मानधनाला मात्र भागू नका.

३. एकमताने हुरळू नका. दोघांनी डोळे मिटून शंभरातल्या नव्वदांना ‘चांगले’ म्हटले, तरी सरासरी ब्याऐंशी वेळा त्यांचे जुळेल. जेकब कोहेन यांचा ‘कप्पा’ (१९६०) हा योगायोग वजा करतो. इथे उरते शून्य. आभारप्रदर्शनात हा आकडा वाचू नये.

४. गुणपत्रिकेतले रकाने वाढवू नका. मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले. बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व, चारित्र्य, सगळे संशयास्पदरीत्या एकत्र वर-खाली होत होते. आपल्याकडेही नायिका छान रडली की नेपथ्याचे गुण वाढतात.

५. केंद्रे जोडा. नागपूरला तीन परीक्षक, कोल्हापूरला दुसरेच तीन. कोल्हापूरचे गुण कमी आले, तर एकांकिका कच्च्या की परीक्षक कडक? रॅश यांच्या गुणमापनाच्या संख्याशास्त्रीय प्रतिमानाचा लिनाकर यांनी १९८९ मध्ये केलेला विस्तार संघाची कुवत आणि परीक्षकाचा कडकपणा वेगळा काढतो. पण त्यासाठी निदान एक परीक्षक दोन्हीकडे बसलेला हवा. त्याच्या प्रवासखर्चात काटकसर केलीत, तर महागडा संगणकही हात टेकेल.

६. उत्तराला जास्त ताणू नका. प्रतिमान ‘हा त्याच्यापेक्षा कडक’ एवढेच सांगते. सगळेच कडक होते का, हे सांगत नाही, कारण कडकपणाचे शून्य आपणच सर्वांच्या सरासरीवर ठेवलेले असते. २०२२ मध्ये पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची न वाटल्याने तो दिलाच गेला नाही. त्यावरचा वाद गुणतक्त्यातून सुटणारा नव्हताच.

एवढे करूनही थोडा फरक उरेल: एकाला प्रयोग भावतो, दुसऱ्याला गोष्ट लागते. तो पुसू नका. त्याच्यासाठीच तर तिघे बोलावले. पुसायचाच असेल तर एकच परीक्षक बोलवा. नारळ दोन वाचतील आणि एकमत शंभर टक्के.