115 वर्षांचे पणजोबा

आमच्या वंशावळीत एक गृहस्थ 115 वर्षं जगले आहेत. जन्म 1829, मृत्यू 1944, नाव विष्णू सदाशिव. (नावं बदलली आहेत; भावकी वाचते.) वंशावळ काकांनी काढलेली, तेव्हा तिच्यावर शंका घेणं म्हणजे काकांवरच घेणं. एवढं आयुष्य कसं काय, असं कुणी विचारलंच तर काका थोडक्यात निकाल लावतात : "तूप. तेव्हा खरं मिळायचं."

तुपाला माझी हरकत नव्हती. पण या पणजोबांचे कागद गोळा करायला लागलो, तर कागदांचीच आपसात जुंपली. कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत, पणजोबा डिसेंबर 1889 मध्ये तापानं वारले आहेत. वय '60 अदमासे'. आणि 1926 च्या फेरफाराच्या कागदावर त्यांचीच सही आहे, तीही 'दस्तुरखुद्द'. सातबाऱ्यावरून माणूस लवकर हलत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. वारसनोंद राहिली की मेलेला माणूस पुढची दोन-तीन दशकं सुखानं खातेदार राहतो. पण तो सही करायला येत नाही.

कोतवाल बुकाचं ते पान मोडीत आहे. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो आणि मग अक्षरं तिला टांगत जातो. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर ठरवायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा फारसा विधिनिषेध नाही. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधात अशी कितीतरी दप्तरं माळ्यावरून खाली उतरली, स्कॅन झाली. पण स्कॅन झाल्यानं मोडी सुटत नाही. आमचे मोडीचे जाणकार भिंग फिरवत म्हणाले, "विष्णू सदाशिव नक्की. तापही नक्की. वयाचं मात्र मनावर घेऊ नका, ते कुणीतरी ओट्यावर बसून सांगितलेलं आहे."

तिसरा साक्षीदार म्हणजे जन्मपत्रिका. तीत विष्णू सदाशिव यांचा जन्म शके 1811, माघ. 1829 मध्ये जन्मलेला माणूस शके 1811 मध्ये पुन्हा कसा जन्मेल? काकांनी ती पत्रिका 'बहुधा दुसऱ्या कुणाची' म्हणून बाजूला ठेवली होती. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे आपण शाळेत शिकलो. पण मार्गशीर्ष-पौषात कधीतरी इंग्रजी वर्ष पालटतं आणि शक पालटायला पाडवा लागतो. म्हणून माघ-फाल्गुनात 79 मिळवायचे. म्हणजे ही पत्रिका 1890 च्या सुरुवातीची, कोतवाल बुकातल्या मृत्यूनंतर महिना-दोन महिन्यांची.

कागद खोटं बोलतात असं म्हणणं सोपं आहे. आमच्या आजोबांच्या पिढीत तर त्याला पुरावाही आहे : शाळेच्या दाखल्यावर घरातल्या झाडून सगळ्यांचा जन्म 1 जूनचा. त्यात धाकट्या आजोबांची गावच्या वहीतली जन्मनोंद ऑक्टोबरची सापडली, आणि दोन्ही कागद खरे मानले तर थोरले आजोबा त्यांच्याहून साडेचार महिन्यांनी मोठे ठरतात. यात पणजीची काय अवस्था झाली असेल, याचा विचार कुणीच केलेला नाही. पण गुरुजींनी कुणाला फसवलेलं नव्हतं. पोराचं वय शाळेत घेण्याजोगं आहे का, एवढंच त्यांना बघायचं होतं. शाळा जूनमध्ये उघडते. पोरगं जूनमध्ये जन्मलं. तलाठ्याला शेतसारा कोण भरणार ते हवं होतं. भटजींना तिथी हवी होती, साल नको होतं. पितरांच्या जेवणाला साल लागत नाही. ज्यानं त्यानं आपल्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं. त्यातून शंभर वर्षांनी कुणी चरित्र काढू बघेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

तिथीनंच मग वाट दाखवली. घरात विष्णुपंतांचं श्राद्ध व्हायचं ते वैशाख वद्यात. वैशाख कितीही ताणला, मध्ये अधिक मास घातला, तरी तो डिसेंबरात येत नाही. म्हणजे डिसेंबरात वारले ते विष्णुपंत वेगळे. आपल्याकडे आजोबा गेल्यावर झालेल्या नातवाला त्यांचं नाव ठेवतात. विष्णूचा मुलगा सदाशिव, सदाशिवाचा मुलगा पुन्हा विष्णू. एक पिढी सोडली की नाव आणि बापाचं नाव, दोन्ही जसंच्या तसं परत. मार्गशीर्षाच्या आसपास आजोबा गेले, माघात नातू आला, घरानं म्हटलं असणार, म्हातारा परत आला. काकांनी ते शब्दशः घेतलं आणि दोघांचं मिळून एक आयुष्य केलं. सही करणारे विष्णुपंत तेव्हा 36 वर्षांचे, धडधाकट होते.

गंमत म्हणजे याचा उलगडा घरात दरवर्षी मोठ्यानं होत होता. पितृपक्षात तीन पिढ्यांची नावं घेतात. आजोबा पाटावर बसून बापाचं, आजाचं, पणजाचं नाव घ्यायचे : विष्णू, सदाशिव, विष्णू. काका शेजारी पळी-पंचपात्र घेऊन बसलेले. दोनदा विष्णू आला, हे त्यांनी ऐकलं असेलच. पण भुकेल्या पोटी कोण मोजतो?

सगळे कागद काकांपुढे ओळीनं मांडले. चष्मा पुसून त्यांनी ते दोनदा वाचले. पेन्सिलीनं वंशावळीत एक चौकोन वाढवला, 115 वर सौम्य काट मारली. मग नातवाची 54 वर्षं बघून त्यांचा चेहरा उतरला. थोड्या वेळानं बोट पुन्हा कोतवाल बुकाच्या झेरॉक्सवर गेलं.

"थोरल्यांचं वय 60 'अदमासे' म्हणतोय ना हा?"

"हो."

"मग नव्वद असायला काय हरकत आहे?"