भावी आजोबा

शहाद्यात कुठल्याही चौकात उभे राहा, एखादा तरी 'भावी' फ्लेक्सवरून हात जोडून तुमच्याकडे बघत असतो. भावी सभापती, भावी नगराध्यक्ष, भावी आमदार. त्यातले बहुतेक भावीच राहतात. आमच्या कळसाडीतल्या नानांचा फ्लेक्स कुणी लावलेला नाही, पण त्यांचं पद जवळजवळ पक्कं आहे. नोव्हेंबरात ते आजोबा होणार.

नाना म्हणजे कुणी एकच माणूस असं समजू नका. असा नाना खानदेशात दर गल्लीत सापडतो. वय पंचावन्नच्या पुढे, साठच्या अलीकडे-पलीकडे. चार एकर पपई, थोडा ऊस, एक म्हैस, एक जुनी मोटारसायकल आणि सगळ्या विषयांवर मत. पोराचं शहाद्यात खता-औषधांचं दुकान. पोरगी सुरतेला दिलेली. आयुष्यात कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही, म्हणून घरातली बातमी ह्या माणसाला गावात सगळ्यात शेवटी कळते. नातवाची तर फारच उशिरा कळली, आणि तीही पपईमुळे.

मार्च संपत आला होता. जुन्या बागेतली शेवटची तोड चालू होती, भाव पडलेला, शेतकरी आणि व्यापारी दर वर्षीप्रमाणे बाजार समितीत बैठकांवर बैठका घेत होते. नाना संध्याकाळी दोन पिकलेली फळं घेऊन घरी आले, तर माय दारातच आडवी.

"आते घरमा पपई आनू नका."

"काबरं?" नानांना वाटलं, बायकोही आंदोलनात उतरली. त्यांनी तिथंच भाव, वाहतूक, दिल्लीचा बाजार यांवर पाच मिनिटं भाषण केलं. माय ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "आते तुम्ही आजा व्हनार शेतस."

ज्या माणसाच्या घरावर, कर्जावर, पोरीच्या लग्नावर 'तैवान ७८६' या वाणाचे उपकार आहेत, त्याच्याच सुनेला पपई वर्ज्य! पुढे आशाताईंनी समजावलं की भीती आहे ती कच्च्या, चिकाच्या फळाची. नीट पिकलेली पपई बेताने खाल्ली तर काही होत नाही. नानांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी अंगणातली दोन झाडं मात्र तोडून टाकली. जोखीम कशाला, म्हणाले. बांधावरचं झाड वाचलं, कारण तिथून घर दिसत नाही.

आशाताईंच्या भेटीचा दिवस म्हणजे नानांची परीक्षा. त्या यायच्या आधी ओट्यावर खुर्ची, पाण्याचा तांब्या, माता-बाल संरक्षण कार्ड, लोहाच्या गोळ्यांची पाकिटं, सगळं मांडून तयार. प्रश्न सुनेला, उत्तर नानांचं. गोळ्या रोज घेते का? घेते. भूक लागते का? लागते. झोप? चांगली. मग आशाताई एकदा तारखेचा, बाईमाणसाचा असा एक प्रश्न विचारतात आणि नानांना अचानक आठवतं की मळ्यातली मोटार चालूच राहिली. चप्पलही न घालता ते निघतात. त्या वेळी वीज नसते, हे सगळ्या गल्लीला ठाऊक असतं.

या पळापळीमुळे एक गणित मात्र कायमचं चुकलंय. कार्डावर बाळंतपणाची तारीख बावीस नोव्हेंबर लिहिली आहे. डॉक्टरी हिशोब नऊ महिने सात दिवसांचा. आपल्याकडे आज्या-पणज्यांपासून चालत आलाय तो नऊ महिने नऊ दिवसांचा. "मंग दोन दिवस कुठं गये?" असं नाना ज्याला त्याला विचारतात. मोजणी कुठल्या दिवसापासून धरतात हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर मिळणार नाही, आणि तो दिवस विचारायची नानांची छाती नाही. म्हणून त्यांनी आपला हिशोब बागेवर बसवलाय. फेब्रुवारीच्या मध्याला नव्या पपईची लागवड झाली. नऊ-दहा महिन्यांनी पहिली तोड. म्हणजे फळ आणि नातू एकाच पंधरवड्यात. या वर्षी रोपांना ठिबकचं पाणी जरा जास्तच सुटतंय असं पोरगा म्हणतो. नाना म्हणतात, सुटू दे.

मायमध्ये काही फरक नाही. ही या प्रकरणातली दुसरी बाजू, आणि माझ्या मते खरी. होणाऱ्या आजीला हर्षवायू होत नाही, कारण पुढचं सगळं काम तिच्याच अंगावर पडणार असतं. तिने बातमी कळली त्या आठवड्यातच ट्रंक उघडली. बाळाला जुनं, धुऊन मऊ झालेलं कापड लागतं. स्वतःची दोन लुगडी काढली, मग नानांच्या धोतरांवर नजर गेली. चार धोतरांची दुपटी आणि लंगोट झाले. आता लग्नकार्याला नाना पँट घालून जातात आणि कुणी विचारलं की अभिमानाने कारण सांगतात.

मुलगा की मुलगी, हा विषय निघाला की नाना घसा खाकरतात. "आपल्याला दोन्ही सारखे." हे वाक्य ते जरा मोठ्यानेच म्हणतात. शहाद्याच्या दवाखान्यात गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे, असा फलक लावलेला आहे. १९९४ साली तसा कायदाच झाला. नानांनी तो फलक तीन वेळा वाचला आणि बाहेर येऊन कायद्याची तारीफ केली. पण त्यांच्या खिशातल्या डायरीत नावांची यादी होती. सहा नावं, सहाही मुलाची. ती सुरतच्या पोरीने राखीला आल्यावर पाहिली. आत्या म्हणून नाव ठेवायचा हक्क तिचा. तिने यादी फाडली नाही, उलट पेन मागितला आणि समोरच्या पानावर मुलींची सहा नावं लिहून डायरी परत खिशात ठेवली. नानांनी दोन दिवस मौन पाळलं. तिसऱ्या दिवशी पारावर स्वतःच म्हणाले, पोरीचं नाव जास्त चांगलं बसतंय.

खरं राजकारण व्याह्यांशी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि सून दोंडाईच्याला गेली. तिथले व्याही मिरचीचे आडतदार, वजनदार माणूस, आणि तेही भावी आजोबाच. एकाच जागेला दोन उमेदवार. नानांना पराभव दिसू लागला तो जन्मदाखल्याच्या विचाराने. त्यांचा बाप पश्चिम खानदेशात जन्मला, स्वतः नाना आणि त्यांचा पोरगा धुळे जिल्ह्यात, तिघंही कळसाडीतल्या एकाच घरात, एकाच खोलीत. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नव्या जिल्ह्यात जन्मणारं घरातलं पहिलं माणूस म्हणून नाना नातवाकडे बघत होते. आणि दोंडाईचा? शिंदखेडा तालुका, जिल्हा धुळे! जन्म जिथे होतो तिथेच नोंदतात, एकवीस दिवसांच्या आत. ग्रामसेवकाने कायदा समजावून सांगितला, नानांनी ऐकला, आणि विचारलं, "बाळंतीण तापी ओलांडून अलीकडे आली तर?" ग्रामसेवक रजेवर गेले.

आधार कार्डावर तरी आपलाच पत्ता यावा, असा त्यांचा नवा मोर्चा आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. तेव्हा या बाबतीत जिल्ह्याचा काही मान आहे, असं नानांचं म्हणणं. पाच वर्षांखालच्या पोराला निळं कार्ड मिळतं, बोटांचे ठसे लागत नाहीत, हे सगळं त्यांनी काढून ठेवलंय. पोराचा अजून जन्म व्हायचाय.

सारंगखेड्याच्या घोड्याचं सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. दत्तजयंतीला तिथे यात्रा भरते, देशभरातून घोडे येतात. तोवर बाळ महिन्याभराचं झालेलं असेल. नानांनी नातवासाठी शिंगरू बघून ठेवायचं ठरवलं होतं. माय म्हणाली, "त्याला आधी मान तर धरू द्या." तेव्हा सौदा पुढच्या वर्षावर गेला. पण लगाम आणून ठेवलाय. म्हशीच्या गोठ्यात टांगलाय.

हसू येतं खरं. पण नानांचा पोरगा झाला तेव्हा नाना कुठे होते, हे गावातले जुने लोक सांगतात. उसाची गाडी घेऊन कारखान्याच्या रांगेत. गाळपाचा हंगाम, वजनकाट्यापुढे दोन दिवस गाड्या उभ्या. रांग सोडली तर पाळी जाते. निरोप मिळाला, पण गाडी खाली केल्यावरच घरी आले. बरं, आल्यावर तरी पोराला घेतलं का? नाही. घरात बाप बसलेला असताना स्वतःच्या लेकराला उचलायचं नाही, लाड करायचा नाही, अशी त्या वेळची मर्यादा. लोक नावं ठेवायचे. बाप ओसरीवर असला की नाना पाळण्याकडे न बघता मळ्याकडे जायचे. पोरगा सात-आठ वर्षांचा झाला तेव्हा म्हातारा गेला, आणि तोवर पोरगा कडेवर घेण्याच्या पलीकडे गेला होता. पोरीच्या वेळीही तेच. आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांनी चारचौघांत उघडपणे कडेवर घेतलेलं पहिलं लेकरू म्हणजे त्यांचं नातवंड. नाना एवढे उतावीळ का, हे मला यापेक्षा वेगळं कारण देऊन सांगता येणार नाही.

परवा दोंडाईच्याहून व्याह्यांचा फोन आला. सून ठीक आहे. बोलण्याच्या ओघात व्याही म्हणाले, की त्यांनी चांदीचे वाळे घडवायला टाकलेत. नाना फोन ठेवून तडक शहाद्याला गेले. आता वाळ्यांचे दोन जोड होतील, आणि पाय दोनच.

बारसं दोंडाईच्यालाच होईल, आणि नानांचं आमंत्रण तुम्हालाही आहे. ते बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही देतात. बावीस नोव्हेंबर पुढे-मागे झाली तर वैतागू नका, आणि नानांना बोल लावू नका. तारखेत त्यांचा काही हात नाही. हे तुम्हाला-मला माहीत आहे. त्यांना तेवढं कुणी सांगू नका.